तंत्रशंका : सर्व्हर केवढा घ्यायचा?

ऑफिसातल्या सगळ्यांच्या फायली एका जागी असाव्यात, चॅट आणि मीटिंग तिथंच व्हाव्यात आणि हे सगळं आपल्या ताब्यातल्या सर्व्हरवर चालावं, असं ठरवणाऱ्या कोल्हापूर परिसरातल्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, चॅटसाठी मॅटरमोस्ट, मीटिंगसाठी जित्सी ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. गाडी अडते ती सर्व्हरच्या मापापाशी.

प्रश्न : गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. पगारपत्रकावर १४० माणसं. त्यातल्या ६० जणांसमोर कॉम्प्युटर आहे, आणखी ५० जण मोबाइलवरून बघतील. ड्रॉइंग, पॅटर्नचे फोटो आणि टेस्ट रिपोर्ट नेक्स्टक्लाउडवर, चॅट मॅटरमोस्टवर आणि ब्राउझरमध्येच वर्ड-एक्सेल उघडायला ओन्लीऑफिस, असा बेत आहे. एकानं ४ कोअर, ८ जीबी रॅमचं कोटेशन दिलं, दुसऱ्यानं ३२ कोअर, १२८ जीबीचं. नेमकं काय धरायचं?

उत्तर : दोन्ही कोटेशनं १४० या एकाच आकड्यावरून काढलेली दिसतात, आणि तुमच्या कामाचा सगळ्यात कमी उपयोगी आकडा तोच आहे. पगारपत्रक सर्व्हरला कळत नाही. एका सेकंदाला किती रिक्वेस्ट, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइलकडून आलेल्या मागण्या, येऊन पडतात आणि एकेक रिक्वेस्ट किती वेळ जागा अडवून बसते, एवढंच त्याला कळतं. रविवारी सकाळी मिसळीच्या हॉटेलात मिनिटाला ४ गिऱ्हाइकं येत असतील आणि प्रत्येक जण १५ मिनिटं बसत असेल, तर ६० खुर्च्या लागणारच. सर्व्हरचा हिशेब हाच. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये तो गणितानं सिद्ध केला.

आता तुमच्या फाउंड्रीचे आकडे घालू. दिवसाची सरासरी काढू नका, सगळ्यात गर्दीचा तास धरा. तुमच्याकडे तो बहुधा सकाळी साडेनऊ ते साडेदहा असेल. कालच्या हीटचे (भट्टीतल्या एकेका ओतणीचे) रिपोर्ट तेव्हाच चढवले जातात, ग्राहकाच्या मेलमधली सुधारित ड्रॉइंग तेव्हाच उघडली जातात.

नेक्स्टक्लाउडचा डेस्कटॉप क्लायंट, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेलं अ‍ॅप, दर ३० सेकंदांनी सर्व्हरला ‘काही नवीन आहे का?’ असं विचारतो. ६० कॉम्प्युटर म्हणजे कुणी माउसला हात लावला नाही तरी सेकंदाला २ रिक्वेस्ट. त्यावर ब्राउझरमधलं काम. गर्दीच्या तासात ४० जण खरोखर काम करताहेत, प्रत्येक जण दर १० सेकंदांनी एक क्लिक करतो आणि एका क्लिकमागे सर्व्हरला खऱ्या अर्थानं कामाला लावणाऱ्या ६ रिक्वेस्ट जातात असं धरलं, तर सेकंदाला २४. मोबाइलवरचे फोटो धरून ३० म्हणू. एक रिक्वेस्ट पाव सेकंदात संपत असेल तर ३० गुणिले ०.२५, म्हणजे एका क्षणी सरासरी साडेसात रिक्वेस्ट आत. ही सरासरी झाली. रिक्वेस्ट कधीच सारख्या अंतरानं येत नाहीत, म्हणून तिप्पट धरा: २४ पीएचपी प्रोसेस. नेक्स्टक्लाउड पीएचपीत लिहिलेलं आहे आणि एक प्रोसेस एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळते.

यातली खरी मेख पाव सेकंदात आहे. डिस्क मंद असल्यामुळे तोच वेळ एक सेकंद झाला, तर माणसं तीच, क्लिक तेवढेच, पण आत अडकलेल्या रिक्वेस्ट साडेसातच्या ३० होतात. त्या गर्दीमुळे प्रत्येकीला आणखी वेळ लागतो. पान येईना म्हणून लोक रिफ्रेश मारतात आणि रिक्वेस्ट आणखी वाढतात. ‘काल चालत होतं, आज अचानक झोपलं’ ही तक्रार बहुतेक वेळा अशीच जन्माला येते.

रॅम : एका पीएचपी प्रोसेसला १२८ एमबी धरली तर २४ ना ३ जीबी. मारियाडीबी या डेटाबेसच्या बफर पूलला, म्हणजे डेटा हाताशी ठेवायच्या रॅममधल्या जागेला, २ जीबी द्या. मूळ सेटिंग फक्त १२८ एमबी असतं आणि ते बदलायचं राहून गेलेले सर्व्हर आम्हाला सतत दिसतात. ओन्लीऑफिसला ४ जीबी बाजूला काढा. मॅटरमोस्ट आणि त्याच्या पोस्टग्रेस डेटाबेसला मिळून २, ऑपरेटिंग सिस्टीमला १, तात्पुरत्या नोंदी रॅममध्ये ठेवणाऱ्या रेडिसला पाव. बेरीज सव्वाबारा जीबी. म्हणजे ८ जीबीचं कोटेशन बादच. १६ मध्ये बसेल, पण लिनक्स उरलेली रॅम फायलींच्या कॅशसाठी वापरतं आणि ड्रॉइंग पटकन उघडणं त्यावरच अवलंबून असतं. म्हणून ३२ घ्या. १६-१६ च्या दोन ईसीसी (चूक आपणहून दुरुस्त करणाऱ्या) पट्ट्या आणि बाकीचे स्लॉट मोकळे, असं कोटेशनात लिहून मागा. आठ-आठच्या चार पट्ट्या भरून सगळे स्लॉट अडवले, तर पुढं रॅम वाढवताना जुन्या पट्ट्या काढून ठेवाव्या लागतात.

कोअर : पाव सेकंदातला साधारण ०.१ सेकंद प्रोसेसर खरोखर राबतो, बाकी वेळ डेटाबेस आणि डिस्कची वाट बघण्यात जातो. ३० गुणिले ०.१ म्हणजे ३ कोअर पूर्ण व्यग्र. पण म्हणून ३ कोअर घ्यायचे नाहीत. एका खिडकीच्या रांगेचं गणित असं आहे की खिडकी ५० टक्के व्यग्र असली तर कामाला मूळच्या दुप्पट वेळ लागतो, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९० टक्क्यांना दहापट. कोअर जास्त असले की ही चढण जरा उशिरा सुरू होते, पण सुरू होतेच. त्यामुळे गर्दीच्या तासात प्रोसेसर ६० टक्क्यांच्या आत राहील असं माप ठेवा: ३ भागिले ०.६, म्हणजे ५ कोअर. ओन्लीऑफिस आणि चॅट धरून ८. बत्तीस कोअरना तुमच्याकडे काम नाही. तो पैसा डिस्कवर घाला.

डिस्क : ७,२०० आरपीएमची फिरती हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभरेक विखुरलेली वाचनं करते, एसएसडी हजारोंनी करते. डेटाबेस, सॉफ्टवेअर आणि चालू ड्रॉइंग आरशासारख्या जोडलेल्या दोन ९६० जीबी एसएसडींवर, म्हणजे रेड १ वर ठेवा. जुन्या ऑर्डरींचे फोटो आणि रिपोर्ट दोन ४ टीबी हार्डडिस्कवर, त्याही रेड १ मध्ये. एसएसडी घेताना वीज जाताच हातातलं लिखाण पूर्ण करण्याची सोय असलेल्या, सर्व्हरसाठीच्याच घ्या. लॅपटॉपची एसएसडी डेटाबेसखाली घालू नका.

एवढं करूनही ड्रॉइंग हळू उघडत असेल तर नेटवर्क स्विचकडे बघा. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, १०० एमबीपीएसवर ११-१२. म्हणजे ८० एमबीचं ड्रॉइंग एकट्यानं उघडलं तर ७ सेकंद. सर्व्हरचीच तार १०० वर अडकली असेल आणि पाच जणांनी एकदम उघडलं, तर ३५. स्विच नवा असूनही वेग १०० वर अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे केबलच्या टोकाचा कनेक्टर. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. शॉपफ्लोअरवर ओढाताण होऊन एक तार सुटली तर जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. सर्व्हरवर ‘ईथटूल’ चालवून स्पीडची ओळ वाचा. तिथं १०० दिसलं तर आधी केबल पुन्हा क्रिम्प करून घ्या.

वरचे क्लिक आणि सेकंद आम्ही धरलेले आहेत, तुमचे वेगळे निघतील. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी १६ जीबी रॅमच्या एखाद्या चालत्या पीसीवर हेच सॉफ्टवेअर बसवा आणि स्टोअर, क्वालिटी आणि डिझाइनमधल्या दहा जणांना दोन आठवडे त्यावर काम करू द्या. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये रिक्वेस्टला लागलेला वेळ मुळात लिहिला जात नाही, लॉग फॉरमॅटमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम’ जोडावा लागतो. तो जोडा. गर्दीच्या तासातल्या रिक्वेस्ट मोजा आणि १०० पैकी ९५ रिक्वेस्ट किती वेळाच्या आत संपतात तो आकडा काढा. नुसती सरासरी बघाल तर फसाल, कारण लोगो आणि आयकॉनच्या चुटकीसरशी संपणाऱ्या रिक्वेस्ट तिला खाली ओढतात. दहा जणांचे आकडे सहापट केले की ६० जणांचं माप हाती येतं, आणि ते कुठल्याही कोटेशनपेक्षा खरं असतं.

प्रश्न : राजारामपुरीत आमचं सीए ऑफिस आहे, २८ जण. नेक्स्टक्लाउड भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर आहे. ३१ जुलै जवळ आली की सकाळी अकरापासून पानं उघडायला अर्धा-अर्धा मिनिट लागतं. प्रोसेसर मात्र २० टक्क्यांच्या वर जात नाही. मोठा प्लॅन घेऊ का?

उत्तर : आत्ताच घेऊ नका. प्रोसेसर रिकामा आणि पान हळू, याचा अर्थ रिक्वेस्ट कशाची तरी वाट बघत दारात उभ्या आहेत. कशाची, ते या क्रमानं तपासा.

आधी पीएचपी-एफपीएमचा, म्हणजे पीएचपी प्रोसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा, लॉग उघडा. त्यात ‘सर्व्हर रीच्ड पीएम डॉट मॅक्स चिल्ड्रन सेटिंग’ अशी ओळ दिसली तर उत्तर सापडलं. उबंटू आणि डेबियनवर एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसचा हा आकडा मुळात ५ असतो. म्हणजे सहाव्या माणसाची रिक्वेस्ट रांगेत. त्यात कुणी ग्राहकाच्या बँक स्टेटमेंटची झिप चढवत असेल तर एक जागा कित्येक सेकंद अडते. आकडा वाढवायचा, पण मोजून. ‘पीएस’ कमांडनं चालू पीएचपी प्रोसेसचा आरएसएस, म्हणजे ती अडवते ती रॅम, बघा. समजा सरासरी ९० एमबी आहे. तुमच्या ४ जीबीतून डेटाबेस आणि सिस्टीमसाठी २ जीबी बाजूला काढले, तर उरलेल्या २ जीबीत २२ बसतात. २० ठेवा.

‘आता एकदाचं २०० करून टाकू’ हा मोह टाळा. रॅम संपली की सर्व्हर स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी डिस्कची जागा, वापरू लागतो आणि सगळंच गोगलगायीसारखं होतं. स्वॅपही संपलं की लिनक्स जास्त रॅम खाणारी प्रोसेस मारून टाकतं, आणि ती बहुधा डेटाबेसच असते. शिवाय मारियाडीबी मुळात १५१ जोडण्याच घेतं. पीएचपी प्रोसेस त्याच्या पुढं गेल्या की ‘टू मेनी कनेक्शन्स’ची नवी तक्रार सुरू होते.

लॉगमध्ये ती ओळ नसेल तर ‘व्हीएमस्टॅट ५’ चालवा आणि शेवटचे रकाने वाचा. ‘डब्ल्यूए’ सतत दोन आकडी असेल तर डिस्क पुरत नाही. ‘एसटी’मध्ये आकडे दिसत असतील तर तुमच्या वाट्याचा प्रोसेसर प्रत्यक्ष यंत्रावरून तुम्हाला मिळतच नाही.

इथे तुमच्या २० टक्क्यांकडे पुन्हा बघावं लागेल. प्रोसेसरचा आलेख वर-खाली होतोय, की २० वर फूटपट्टीनं रेघ मारल्यासारखा सपाट आहे? काही स्वस्त क्लाउड प्लॅन ‘बर्स्टेबल’ असतात. प्रोसेसरचा ठरावीक हिस्सा कायमचा मिळतो, त्याच्या वरचा साठवलेल्या क्रेडिटमधून. क्रेडिट संपलं की सर्व्हर त्या हिश्श्यावर आवळला जातो. अ‍ॅमेझॉनच्या टी२ मीडियमचा हा हिस्सा नेमका २० टक्के आहे. टी३ मध्ये मूळ सेटिंग वेगळं आहे: तिथं वेग आवळत नाही, जादा वापराचं बिल लागतं. आलेख सपाट असेल तरच प्लॅन बदला, आणि बदलताना बर्स्टेबल नसलेला घ्या.

प्रश्न : शिरोलीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये वीज गेली की सर्व्हर यूपीएसवर वीसेक मिनिटं चालतो, मग बंद पडतो. वीज आल्यावर सुरू होतो खरा, पण पहिला अर्धा तास कुणालाच लॉगिन होत नाही. सर्व्हर बिघडलाय का?

उत्तर : बिघडलेला नाही, पण तो रोज धक्का खाऊन बंद पडतोय आणि ते थांबवायला हवं.

वीज येताच स्विच, कॉम्प्युटर आणि सर्व्हर एकदम जागे होतात. प्रत्येक क्लायंट त्याच मिनिटाला लॉगिन करतो, सगळ्या फोल्डरांची उजळणी मागतो, चॅटची जोडणी उघडतो. दिवसभरात विखुरलेलं काम एका मिनिटात कोसळतं, आणि तेही डेटाबेसची रॅम पूर्ण रिकामी असताना. मारियाडीबी व्यवस्थित बंद झालं तर बफर पूलमध्ये कुठली पानं होती त्याची यादी डिस्कवर लिहून ठेवतं आणि सुरू होताना तीच पानं परत भरून घेतं. वीज तुटून बंद पडलं तर ताजी यादी लिहिलीच जात नाही. उलट अर्धवट राहिलेलं लिखाण आधी निस्तरावं लागतं. तुमचा अर्धा तास तिथं जातो.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ बसवा. यूपीएस वीस मिनिटं टिकत असेल तर दहाव्या मिनिटाला सर्व्हरनं आपणहून नीट बंद व्हावं असं लावा. बॅटरी जुनी होत जाते, विसाव्या मिनिटावर विसंबू नका. सुरू होताना आधी डेटाबेस, मग रेडिस, मग पीएचपी आणि सगळ्यात शेवटी एनजिनएक्स. एनजिनएक्सला दोन-तीन मिनिटं उशीर लावला तरी चालतं. दार बंद असताना आतली मांडामांड होऊ द्या. नेक्स्टक्लाउडचं ‘क्लायंट पुश’ बसवलं तर दर ३० सेकंदांचं विचारणंही जवळपास थांबतं. यूपीएस घेताना व्हीए वाचून घेऊ नका, खाली लिहिलेले वॅट वाचा. सर्व्हर, स्विच आणि राउटर तिन्ही त्याच यूपीएसवर हवेत. जनरेटर असला तरी बदलताना मधे जे काही सेकंद जातात, त्यासाठी यूपीएस लागतोच.

प्रश्न : आमच्या कॉलेजमध्ये जित्सीचा स्वतःचा सर्व्हर आहे, इंटरनेट लाइन १०० एमबीपीएसची. आम्ही दोघांनी घरून चाचणी घेतली तेव्हा चित्र सुरेख होतं. ३६ प्राध्यापकांची मीटिंग घेतली तर काहींना पडदा काळा, काहींचा आवाज तुटक. सर्व्हरला १६ जीबी रॅम आहे, आणखी घालू?

उत्तर : रॅम तशीच राहू द्या. इथे दोन वेगळी दुखणी आहेत.

दोघांची चाचणी हे जित्सीचं फसवं प्रमाणपत्र आहे. दोनच जण असले की व्हिडिओ सर्व्हरला वळसा घालून थेट एकमेकांकडे जातो. तिसरा माणूस आला की तो सर्व्हरच्या व्हिडिओब्रिजमधून जाऊ लागतो, त्यासाठी यूडीपी पोर्ट १०००० उघडं लागतं. राउटर किंवा फायरवॉलमध्ये ते बंद असेल तर पडदा काळा होतो. चाचणी कायम तिघांनी घ्या आणि एकाला मोबाइल डेटावर बसवा.

दुसरं दुखणं लाइनचं. व्हिडिओब्रिज चित्रं एकत्र करत नाही. प्रत्येकाचं चित्र इतर प्रत्येकाला वेगळं पाठवतो. बोलणाऱ्याचं मोठं ७२०पी चित्र साधारण २.५ एमबीपीएस, बाकीच्यांची छोटी चित्रं ०.२ एमबीपीएस प्रत्येकी. सगळ्यांचे कॅमेरे चालू असतील तर एका माणसाला एक मोठं आणि ३४ छोटी, म्हणजे ९.३. असे ३६ जण: ३३५ एमबीपीएस बाहेर जायला हवेत, आणि तुमची लाइन १०० ची. मोठं चित्र ३६०पीवर आणलं, म्हणजे सुमारे ०.६, आणि एका वेळी आठच छोटी चित्रं दाखवायची असं ‘चॅनल लास्ट एन’मध्ये लावलं, तर माणशी २.२ आणि एकूण ७९. लाइनीत बसतं, पण काठोकाठ. फक्त बोलणाऱ्याचं चित्र ठेवलं तर २२ च्या आत. मीटिंगला आवाज आणि स्लाइड महत्त्वाच्या असतात, त्यामुळे आमचा कौल याच शेवटच्या मांडणीला.

लाइनचा अपलोड वेग मात्र तपासा. १०० ची म्हणून विकलेली लाइन वर जातानाही १०० ची असेलच असं नाही, आणि वरचा सगळा हिशेब वर जाणाऱ्या वेगाचा आहे. कॉलेजच्या वायफायवर बसलेले प्राध्यापक या बेरजेत धरायचे नाहीत, त्यांचं चित्र आतल्या आत फिरतं. रेकॉर्डिंग हवं असेल तर ते दुसऱ्या यंत्रावर ठेवा. जित्सीचा रेकॉर्डर पडद्याआड आख्खा ब्राउझर चालवून चित्र पकडतो, आणि एकावेळी एकच मीटिंग रेकॉर्ड करतो.

प्रश्न : आमचं ऑफिस शाहूपुरीत, तळमजल्यावर. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत पाणी आत आलं होतं. आता दीड टीबी डेटा ऑफिसातल्या सर्व्हरवर आहे. क्लाउडवर जावं की सर्व्हर वर उचलून ठेवावा?

उत्तर : डेटाची एक प्रत कोल्हापूरबाहेर असलीच पाहिजे. सर्व्हर कुठे ठेवायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

दीड टीबी ५० एमबीपीएस अपलोडनं वर चढवायला साधारण ६७ तास लागतात, तेही लाइन एकदाही न तुटता. म्हणजे जवळजवळ तीन दिवस. पंचगंगा वाढायला लागल्यावर हे सुरू करून काही उपयोग नाही. पहिली पूर्ण प्रत मे महिन्यात चढवून ठेवा. त्यानंतर रोज बदललेलं तेवढंच जातं. दिवसाला ६ जीबी असले तर १६ मिनिटांचं काम. ‘रेस्टिक’सारखं साधन बदललेलाच भाग पाठवतं आणि पाठवण्याआधी कुलूपबंद करतं. डेटाबेसच्या फायली मात्र चालू असताना तशाच उचलू नका. आधी डम्प, म्हणजे डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत, काढा, ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्याय लावून, म्हणजे काम न थांबवता सुसंगत प्रत मिळते. मुंबई आणि पुण्यात मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं आहेत, त्यामुळे प्रत फार दूर पाठवावी लागत नाही. डेटा परत उतरवून घेण्याचे पैसे वेगळे लागतात का, ते घेण्याआधी विचारा. १०० एमबीपीएसनं सगळं उतरवायला ३३ तास लागतील, हेही धरून ठेवा. म्हणूनच एक प्रत यूएसबी डिस्कवर, पाणी न येणाऱ्या भागातल्या कुणा भागीदाराच्या घरी असावी. दर शनिवारी बदला.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापुरात सगळ्यांना पाठ आहे. तुमचा नियम त्यालाच बांधा. ३९ फुटांना शेवटचा बॅकअप घ्यायचा, तो उघडतो का ते एक फाइल परत काढून बघायचं, सर्व्हर नीट बंद करायचा आणि वरच्या मजल्यावर न्यायचा. ४३ ची वाट बघायची नाही. तोवर वीजपुरवठा बंद होऊ शकतो आणि बंद सर्व्हरमधून बॅकअप निघत नाही. केबलींना आत्ताच चिठ्ठ्या चिकटवून ठेवा, अंधारात कुठली कुठे हे आठवत नाही. बदली डिस्क आणि पॉवर सप्लाय कोल्हापुरातच घेऊन ठेवा. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग अनेक दिवस बंद होता, पुण्याहून इंजिनिअर येऊच शकत नव्हता.

पुराच्या दिवसांतही काम चालू ठेवणं भाग असेल, तर मग पूर्ण सर्व्हरच क्लाउडवर न्या. तुमच्या जागेचा विचार करता आम्ही तेच सुचवू.

प्रश्न : आमच्या १२ जणांच्या डिझाइन ऑफिसात २ टीबीची डिस्क वर्ष व्हायच्या आत भरली. फायली मोजल्या तर ७०० जीबीच आहेत. बाकी जागा गेली कुठं?

उत्तर : जुन्या आवृत्त्या आणि कचरापेटी. नेक्स्टक्लाउड प्रत्येक सेव्हची जुनी आवृत्ती ठेवतं आणि मग विरळ करत नेतं: पहिल्या तासात मिनिटाला एक, पहिल्या दिवसात तासाला एक, ३० दिवसांपर्यंत रोजची एक, त्यापुढं आठवड्याची एक. तुमची ९० एमबीची फाइल महिन्यात २६ दिवस बदलली तर तिच्या आवृत्त्याच सव्वादोन जीबीच्या पुढं जातात. प्रत्येकाच्या अशा तीन फायली धरा: ३६ फायलींचे ८४ जीबी. आवृत्त्यांनी वापरकर्त्याच्या मोकळ्या जागेच्या निम्म्यापेक्षा जास्त खायचं नाही असा नियम आहे, पण तुम्ही कोटाच लावला नसेल तर मोकळी जागा म्हणजे आख्खी डिस्क. म्हणून प्रत्येकाला कोटा लावा आणि ‘व्हर्जन्स रिटेन्शन ऑब्लिगेशन’ला ‘ऑटो, ३०’ द्या, म्हणजे ३० दिवसांपलीकडच्या आवृत्त्या जातील. लावण्याआधी ऑफिसात विचारा. मंजुरीच्या जुन्या आवृत्त्या कुणाला हव्या असतील तर त्या वेगळ्या नावानं जपून ठेवा. डिस्क ८० टक्के भरली की मेल येईल असं लावा, ९५ ला कळून हातात काहीच उरत नाही.

प्रश्न : रेड १ आहे, तरी बॅकअप हवाच का?

उत्तर : हवाच. एका डिस्कवरची फाइल पुसली की दुसरीवरची त्याच क्षणी पुसली जाते. रेड डिस्क बिघडल्यावर काम चालू ठेवतं, चुकून डिलीट केलेलं परत देत नाही.

प्रश्न : मॅटरमोस्टचं चॅट दर मिनिटाला तुटतं आणि परत जोडलं जातं. सर्व्हर कमी पडतोय का? ९० वापरकर्ते आहेत.

उत्तर : नव्वद जणांच्या चॅटला सर्व्हर कमी पडणं अवघड आहे. बरोबर एक मिनिट म्हटल्यावर एनजिनएक्सचं ‘प्रॉक्सी रीड टाइमआउट’ बघा. ते मुळात ६० सेकंद असतं आणि तेवढा वेळ जोडणीवर काही आलं नाही की ती कापली जाते. वेबसॉकेटच्या, म्हणजे चॅटच्या सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीच्या, पत्त्यापुरतं ते ६०० करा आणि ‘अपग्रेड’ व ‘कनेक्शन’ हे दोन्ही हेडर पुढं पाठवले जातात का ते तपासा. त्याच फाइलशेजारी ‘वर्कर कनेक्शन्स’ही बघून घ्या. उबंटूवर ते ७६८ असतं आणि प्रॉक्सीमागची एक चॅट जोडणी त्यातल्या दोन जागा घेते, एक ब्राउझरकडची आणि एक मॅटरमोस्टकडची. ९० जणांनी फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही लावले तर १८० जोडण्या, म्हणजे ३६० जागा. आज पुरतंय. माणसं दुप्पट झाली की ७२० होतील, तेव्हा ४,०९६ करा, आणि उघड्या फायलींची मूळची १,०२४ ची मर्यादाही त्याच वेळी वाढवा, नाहीतर नवा आकडा कागदावरच राहील. बदल केल्यावर ‘एनजिनएक्स’ला ‘टी’ पर्याय देऊन फाइल तपासा आणि मगच रीलोड करा. रीस्टार्ट मारलात तर सगळ्यांच्या जोडण्या एकदम तुटतील.